न्याय, पश्चात्ताप आणि सत्कर्म : ख्रिस्ती धर्मेतिहासातील एक जुना वाद



व्याख्यानमालेत धर्माचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांच्या मनात दोन शंका येतात. वक्ता आता प्रवचन करणार, किंवा एखाद्या धर्माची झडती घेणार. यांपैकी एकही काम आम्ही अंगावर घेतलेले नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. आम्हांस एका वादाचा इतिहास सांगावयाचा आहे. या वादाने पश्चिम युरोपातील ख्रिस्तसभा दुभंगली, राज्ये परस्परांविरुद्ध उभी राहिली, आणि त्यावर समेटाचा म्हणावा असा कागद व्हायला १९९९ साल उजाडावे लागले.

वादाचा मुद्दा दोन वाक्यांत मांडता येतो. ईश्वर न्यायी आहे आणि मनुष्य पापी आहे, हे दोन्ही मान्य केले, तर त्या न्यायासनापुढे मनुष्याने उभे राहावयाचे ते कशाच्या बळावर? पश्चात्तापाच्या की सत्कर्माच्या? नुसत्या पश्चात्तापाने सगळे फिटत असेल तर सत्कर्माच्या खटाटोपात कोण पडेल? आणि सत्कर्माने हिशेब पुरा होत असेल तर ज्याच्या गाठी दानधर्माला पैसा आहे त्याचाच स्वर्ग, असे होणार नाही काय? देवळाच्या पायरीवर आपले नाव कोरवून घेणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

मूळ ग्रंथ काय सांगतात?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे चित्र आहे. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे निवडतो तसा राजा सर्व राष्ट्रांची निवड करतो. उजवीकडच्यांना राज्य मिळते, डावीकडच्यांना शिक्षा. निवडीची कसोटी कोणती? भुकेल्याला अन्न दिले काय, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र दिले काय, आजाऱ्याची विचारपूस केली काय, बंदिवानाला भेटावयास गेलात काय? या सहा प्रश्नांत मताचा, पंथाचा, उपासनेचा प्रश्न एकही नाही. हा अध्याय एवढाच वाचला तर सत्कर्म हेच सर्वस्व, असे कोणीही म्हणेल.

परंतु त्याच ग्रंथसंग्रहात पौलाचे रोमकरांस लिहिलेले पत्र आहे. मनुष्य नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, विश्वासाने, असे पौलाचे प्रतिपादन आहे. पुढे याकोबाचे पत्र येते आणि कर्मावाचून विश्वास निर्जीव आहे असे बजावते. लूकच्या शुभवर्तमानात तर दोन्ही बाजूंचे साक्षीदार शेजारी शेजारी बसलेले आहेत. बापाची मालमत्ता उडवून परत आलेल्या मुलाला बाप धावत जाऊन मिठी मारतो आणि त्याच्या तोंडची क्षमायाचना पुरी होण्याआधीच मेजवानीची आज्ञा सुटते. वधस्तंभावरील चोराला एकही सत्कर्म करण्यास अवधी उरलेला नाही, तरी त्याला आश्वासन मिळते. उलट, यरीहो गावचा जकातदार जक्कय पश्चात्ताप पावतो तेव्हा उभा राहून सांगतो की, अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देतो आणि ज्याला नाडले असेल त्याचे चौपट परत करतो. त्याचा पश्चात्ताप थेट पैशाच्या थैलीपर्यंत पोहोचला.

तात्पर्य, वादाची बीजे मुळातच होती. त्यांना अंकुर कधी आणि कसे फुटले, ते आता पाहू.

एकच संधी

पहिल्या शतकांत ख्रिस्ती होणे हेच मोठे धाडस होते. बाप्तिस्म्याने मागील पापे धुतली जात. पण बाप्तिस्म्यानंतर खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग यांसारखे महापाप घडले तर काय? तिसऱ्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीच्या तर्तुल्यनाने पश्चात्तापावर एक प्रबंध लिहिला. त्यात असे सांगितले आहे की, अशा मनुष्याला आणखी एकदाच, केवळ एकदाच, संधी आहे. आणि ती उघडपणे, गोणपाट पांघरून, राखेत बसून, मंडळीच्या पायांशी लोळण घेऊन घ्यावयाची आहे. पाप मंडळीच्या डोळ्यांदेखत फेडावयाचे, असा तो दंडक होता.

या दंडकाची खरी परीक्षा इ. स. २५० मध्ये झाली. रोमन सम्राट देकियस याने आज्ञा काढली की, साम्राज्यातील प्रजेने देवतांना बली अर्पून तसा दाखला घ्यावा. असे काही दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले आजही सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोक डगमगले. कोणी बली दिला, कोणी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक परत दाराशी आले. तेव्हा एक विलक्षण प्रकार घडला. जे डगमगले नव्हते आणि तुरुंगात खितपत पडले होते, त्यांच्याकडून शिफारशीची पत्रे घेऊन पतित लोक येऊ लागले. आमच्या सोसण्याच्या पुण्यावर यांना क्षमा करा, असा त्या पत्रांचा आशय असे. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने या पत्रांना आवर घातला. खरा पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त यांवाचून चिठ्ठीच्या बळावर कोणी आत येणार नाही, असे त्याचे म्हणणे. तिकडे रोममध्ये नोव्हेशियन म्हणे की, अशांना मुळीच आत घेऊ नये. मंडळीने मधला मार्ग स्वीकारला : दार बंद करावयाचे नाही, आणि फुकट उघडावयाचेही नाही. सिप्रियन स्वतः २५८ साली शिरच्छेद होऊन मेला. पण एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खाती चिठ्ठीने वळते होते, ही कल्पना मात्र मेली नाही. पुढे बाराशे वर्षांनी तिने काय रूप घेतले ते आपण पाहणारच आहोत.

या उघड प्रायश्चित्तापुढे सम्राटही वाकला. ३९० साली थेस्सलोनिका नगरात एका सेनापतीचा खून झाला म्हणून थिओडोशियस सम्राटाच्या सैन्याने तेथील हजारो नागरिकांची कत्तल केली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला पत्र लिहून कळवले की, प्रायश्चित्त घेतल्याशिवाय तुम्हांस प्रभुभोजन मिळणार नाही. सम्राटाने राजचिन्हे उतरवून मंडळीसमोर शोक केला. ईश्वरी न्यायाच्या कल्पनेचे हे एक मोठेच ऐतिहासिक कार्य समजले पाहिजे. ज्याच्यावर पृथ्वीवर कोणी न्यायाधीश नव्हता, त्यालाही त्या कल्पनेने आरोपीच्या जागी उभे केले.

दरपत्रक

परंतु आयुष्यात एकदाच मिळणारी संधी म्हटली की मनुष्य ती मरणापर्यंत लांबणीवर टाकतो. झालेही तसेच. त्यावर उपाय निघाला तो आयर्लंडच्या मठांतून. सहाव्या-सातव्या शतकांत आयरिश संन्याशांनी खाजगी आणि पुनःपुन्हा घेता येणाऱ्या प्रायश्चित्ताची पद्धत रूढ केली. कोलंबानस नावाच्या मठपतीने ती युरोपच्या मुख्य भूमीवर नेली. तो ६१५ साली इटलीत वारला. या संन्याशांनी प्रायश्चित्ताची हस्तपुस्तके तयार केली. अमुक पापाला इतके दिवस पाव आणि पाणी, तमुक पापाला इतकी वर्षे, अशा त्या याद्या होत्या. यात दया होती, हे विसरता कामा नये. शेतकऱ्याला, सैनिकाला, बाईमाणसाला गुपचूप आपल्या पापाचे ओझे उतरवण्याची सोय झाली. पण जेथे दर ठरला तेथे घासाघीस आलीच.

सात वर्षांचा उपवास आजारी मनुष्याने कसा करावा? मग त्याऐवजी स्तोत्रे म्हणावी, दान द्यावे. हे बदली प्रायश्चित्त आपल्या धर्मशास्त्रालाही ठाऊक आहे. कृच्छ्राऐवजी गाय द्यावी, गाय नसेल तर तिचे मूल्य द्यावे, किंवा जप करावा, असे जे प्रत्याम्नाय आपल्या ग्रंथांत सांगितले आहेत त्यांची चर्चा महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात वाचावयास मिळते. दोन्हीकडे आरंभ अशक्त मनुष्यावरील दयेतून झाला, आणि दोन्हीकडे सशक्त श्रीमंताने त्या दयेचा फायदा घेतला.

इंग्लंडात ७४७ साली क्लोव्हेशो येथे धर्मसभा भरली. भाड्याच्या माणसांकडून उपवास करवून घेऊन आपले पाप फिटले म्हणणाऱ्या धनिकांचा तिने निषेध केला. निषेध झाला, रूढी मात्र राहिली. पुढे दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास तेथे ग्रथित झालेल्या एका नियमावलीत बलाढ्य सरदाराने सात वर्षांचा उपवास तीन दिवसांत कसा उरकावा याची रीत दिली आहे. आधी बारा माणसांनी तीन दिवस उपवास करावा. मग सात वेळा एकशेवीस माणसांनी प्रत्येकी तीन दिवस करावा. श्रोत्यांनी हिशेब करून पाहावा. बारा त्रिक छत्तीस, आणि ८४० माणसांचे २,५२० दिवस, एकूण २,५५६. सात वर्षांचे दिवस जवळजवळ तेवढेच भरतात! गणित चोख आहे. पश्चात्ताप मात्र त्यात कोठे सापडत नाही.

पेटी आणि पत्र

मध्ययुगात हा विचार अधिक सूक्ष्म झाला. धर्मशास्त्र्यांनी पापाचे दोन परिणाम मानले. एक दोष आणि दुसरा दंड. कोणी आमचे घर जाळले आणि नंतर पाय धरले, तर आम्ही त्याला क्षमा करू. पण घर बांधून देण्याचे त्याच्याकडे उरतेच. त्याचप्रमाणे पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांनी दोष जातो, पण दंड उरतो. तो येथे प्रायश्चित्ताने फिटला तर ठीक, नाहीतर मरणोत्तर शुद्धिस्थानात फेडावा लागतो. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचे केले, आणि १२७४ सालच्या लियोंच्या सभेने शुद्धीच्या या अवस्थेला मान्यता दिली.

उरलेल्या दंडात सूट देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला आहे, या तत्त्वावर क्षमापत्रांची संस्था उभी राहिली. १०९५ साली पोप दुसरा अर्बन याने धर्मयुद्धावर जाणाऱ्यांना अशी सूट जाहीर केली. १३०० साली पोप आठवा बॉनिफेस याने रोमच्या यात्रेकरूंना पूर्ण सूट दिली. १३४३ साली पोप सहावा क्लेमेंट याने त्याची उपपत्ती सांगितली : ख्रिस्ताचे आणि संतांचे अपार पुण्य हा एक कोश आहे, आणि त्याच्या किल्ल्या ख्रिस्तसभेकडे आहेत. १४७६ साली पोप चौथा सिक्स्टस याने ही सूट मेलेल्या आप्तांच्या नावेही घेता येईल असे ठरवले. तुरुंगातून लिहिलेली ती कार्थेजची पत्रे आता कोशागाराच्या हुंड्या झाल्या. येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्षमापत्राने पापाची क्षमा विकत मिळते, असे ख्रिस्तसभेच्या शास्त्राने कधीही सांगितले नव्हते. खरा पश्चात्ताप आणि पापनिवेदन ही अट लेखी होतीच. पण कागदातील अट आणि बाजारातील आरोळी यांत किती अंतर असते, हे व्यापारी पेठेत राहणाऱ्या आपणांस सांगावयास नको.

आणि या भीतीच्या पोटी जे निर्माण झाले ते सगळेच त्याज्य होते काय? बर्गंडीचा महामंत्री निकोला रोलँ याचे उदाहरण घ्या. शतवार्षिक युद्धाने आणि दुष्काळाने गांजलेल्या बोन या गावात त्याने १४४३ साली दरिद्री रोग्यांसाठी रुग्णालय स्थापले. स्थापनापत्रात त्याने आपला हेतू लपवलेला नाही. नश्वर संपत्ती देऊन शाश्वत संपत्ती घ्यावयाची, असा तो रोखठोक सौदा आहे. रोग्यांच्या दालनाच्या टोकाला असलेल्या वेदीसाठी त्याने रोगिअर व्हान डेर वेडन या चित्रकाराकडून अंतिम न्यायाचे भव्य चित्र काढवून घेतले. मधोमध देवदूत हाती तराजू घेऊन आत्मे तोलतो आहे. त्या काळी एक टोमणा प्रसिद्ध होता, आणि तो फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या नावावर सांगतात, की या मंत्र्याने हयातीत इतके लोक दरिद्री केले की त्यांच्यासाठी एक इस्पितळ बांधणे त्याला भागच होते. टोमणा झणझणीत आहे. पण त्या इस्पितळातील जुनी दालने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रोग्यांच्या उपयोगी पडली, हेही तितकेच खरे. पाचशे वर्षे ज्यांना तेथे अंथरूण आणि पेज मिळाली, त्यांना रोलँचा हेतू शुद्ध होता की नाही याची उठाठेव नव्हती. या गोष्टीकडे आम्ही श्रोत्यांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पुढील वादात तिचा विसर पडण्याचा संभव आहे.

छापखाना निघाला आणि क्षमापत्रांना पाय फुटले. युरोपात सुट्या खिळ्यांनी छापलेला, तारीख असलेला सर्वांत जुना कागद १४५४ सालचा आहे, आणि तो ग्रंथ नसून क्षमापत्र आहे. नाव आणि तारीख यांच्या जागा मोकळ्या सोडून ते शेकड्यांनी छापता येऊ लागले.

१५१४ साली अवघ्या चोवीस वर्षांचा आल्ब्रेख्ट हा माइन्त्सचा आर्चबिशप झाला. दुसरी धर्मपदे त्याच्याकडे आधीच होती. इतकी पदे एका हाती ठेवण्याच्या सवलतीसाठी रोमला भरावयाची भली मोठी रक्कम त्याने आउग्सबुर्ग येथील फुगर सावकारांकडून कर्जाऊ काढली. रोममध्ये संत पीटरच्या मंदिराचे काम चालू होते. पोप दहावा लिओ याने त्या कामासाठी क्षमापत्रे काढली, आणि आल्ब्रेख्टच्या मुलखातील वसुलीतून निम्मी रक्कम रोमला, निम्मी फुगरच्या कर्जफेडीला, अशी वाटणी ठरली. राजेरजवाड्यांना २५ सुवर्ण गुल्डेन, त्याखालच्यांना कमी, आणि अगदी गरिबाला पैशाऐवजी प्रार्थना व उपवास, असे दर होते. योहान टेट्झेल हा डोमिनिकन संन्यासी पेटी घेऊन गावोगाव फिरू लागला, आणि सावकाराचा कारकून पेटीवर नजर ठेवण्यास बरोबर असे.

साक्सनीचा इलेक्टर फ्रीड्रिख याने टेट्झेलला आपल्या हद्दीत येऊ दिले नाही. यात धर्मसुधारणेचा हेतू नव्हता. विटेनबेर्गमध्ये त्याचा स्वतःचा संतावशेषांचा संग्रह होता, १५२० पर्यंत तो १९,०००च्या घरात गेला, आणि त्याच्या दर्शनालाही सूट जोडलेली होती. तरी विटेनबेर्गचे लोक हद्द ओलांडून युटेरबोग गावी जात आणि पत्रे घेऊन येत. ती पत्रे घेऊन ते आपल्या धर्मगुरूकडे पापनिवेदनाला बसत. तो धर्मगुरू म्हणजे मार्टिन ल्यूथर.

एका शब्दाची किंमत

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आल्ब्रेख्टला पत्र लिहिले आणि सोबत वादासाठी ९५ प्रमेये जोडली. ती त्याने चर्चच्या दारावर ठोकली अशी परंपरा आहे. पहिल्याच प्रमेयाचा आशय असा की, ख्रिस्ताने पश्चात्ताप करा म्हटले ते भक्तांचे सारे आयुष्य पश्चात्तापमय असावे म्हणून.

या प्रमेयामागे एका शब्दाची कथा आहे. चर्चच्या लॅटिन बायबलात या आज्ञेचे जे रूपांतर होते त्याचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असाही होई. १५१६ साली एरास्मसने बाझेल येथे मूळ ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणे. प्रायश्चित्त करता येते आणि संपवताही येते. मन पालटणे ही काही उरकून टाकण्याची बाब नव्हे. १५१८ साली आपल्या गुरूला, श्टाउपित्सला, लिहिलेल्या पत्रात ल्यूथरने या शब्दाच्या उलगड्याचा आनंद मोकळेपणाने व्यक्त केला आहे. आपल्या मराठीत प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप असे दोन निराळे शब्द आहेत, म्हणून हा भेद आपल्या चटकन ध्यानी येतो. एक विधी आहे, दुसरी अंतःकरणाची अवस्था.

या प्रमेयांतील काही अशी आहेत की त्यांनी सामान्य माणसाच्या मनाचा ठाव घेतला. क्षमापत्र घेण्यापेक्षा गरजवंताला देणे श्रेयस्कर. दरिद्र्याला ओलांडून जाऊन जो पत्रावर पैसे खर्चतो त्याच्या पदरी ईश्वराचा कोप पडतो. पोपला आत्मे सोडवण्याचा अधिकार असेल तर तो पैशासाठी थोडे सोडवण्याऐवजी प्रेमाखातर सगळेच का सोडवीत नाही? असे त्या प्रमेयांचे बोलणे होते. तेव्हा ल्यूथरचे पहिले भांडण सत्कर्माशी नव्हते, हे लक्षात ठेवावे. खोट्या सत्कर्माने खऱ्या सत्कर्माची जागा बळकावली आहे, अशी त्याची पहिली तक्रार होती.

पुढे त्याचा विचार खोल गेला. १५२० सालच्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरील पुस्तिकेत त्याने झाडाची उपमा घेतली. फळे झाडाला चांगले करीत नाहीत, चांगल्या झाडाला चांगली फळे येतात. मनुष्य विश्वासाने, ईश्वराच्या निखळ कृपेने नीतिमान ठरतो. मग त्याला स्वर्गाचा हिशेब ठेवण्याची गरज उरत नाही आणि त्याचे दोन्ही हात शेजाऱ्याच्या सेवेला मोकळे होतात. या विचाराचे एक व्यवहारी रूप लाइझनिग या लहान गावी १५२३ साली दिसले. तेथे गावकऱ्यांनी सार्वजनिक पेटीची योजना केली. सरदार, नगरसभासद, नागरिक आणि शेतकरी या चार वर्गांतून दहा पंच निवडावयाचे, पेटीला चार कुलुपे लावावयाची, आणि तीतून गोरगरीब, अनाथ, म्हातारे आणि शाळा यांचा खर्च चालवावयाचा. ल्यूथरने या योजनेला प्रस्तावना लिहिली. मौज अशी की, तेथील नगरसभेने धर्मसंस्थांची मालमत्ता त्या पेटीच्या स्वाधीन करण्यात टाळाटाळ केली. तत्त्व छापले गेले, पैसा मात्र आधी होता तेथेच अडून राहिला!

यापेक्षा मोठी निराशा ल्यूथरच्या वाट्याला १५२८ च्या सुमारास आली. साक्सनीतील खेडोपाडी धर्मव्यवस्थेची पाहणी झाली तेव्हा दिसले की, लोकांनी उपवास सोडले, पापनिवेदन सोडले, धर्मगुरूंना देणे सोडले, आणि त्याजागी नवे काहीच धरले नाही. स्वातंत्र्याचा दुरुपयोग तेवढा लोक झकास शिकले, अशी खंत त्याने १५२९ सालच्या आपल्या लघु प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत बोलून दाखवली. त्याच्या मागे अनुयायांत भांडण लागले. गेओर्ग मायोर म्हणे, मुक्तीला सत्कर्मे आवश्यक आहेत. आम्सडोर्फ उलटून म्हणे, ती मुक्तीला अपायकारक आहेत! १५७७ साली त्यांच्या पंथाला दोन्ही विधाने अधिकृतपणे नाकारावी लागली.

ट्रेंट आणि नंतर

रोमच्या बाजूनेही आत्मपरीक्षण झाले. ट्रेंट येथील धर्मसभा १५४५ ते १५६३ पर्यंत थांबत थांबत चालली. १३ जानेवारी १५४७ च्या ठरावात तिने स्पष्ट केले की, ईश्वरी कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही. आरंभ कृपेचाच असतो. पण मनुष्य म्हणजे दगड नव्हे. तो त्या कृपेला साथ देतो आणि सत्कर्मांनी तिच्यात वाढतो. १५६२ साली क्षमापत्रांच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्यांचे पदच नाहीसे केले गेले, १५६३ साली त्यातील धनलोभाचा निषेध झाला, आणि १५६७ साली पोप पाचवा पायस याने पैशाशी जोडलेल्या सर्व सवलती रद्द केल्या. टेट्झेलची पेटी बंद झाली ती अशी, पन्नास वर्षांनी आणि खुद्द रोमच्या हातांनी. क्षमादानाची संस्था मात्र कॅथलिक पंथात आजही आहे. १९६७ साली पोप सहावा पॉल याने तिची पुन्हा घडी बसवली आणि सवलतींना दिवस व वर्षे मोजण्याची जुनी पद्धत काढून टाकली.

या दोन्ही प्रवाहांचे पाणी आपल्या भूमीलाही लागले आहे. मत्तयाच्या अध्यायातील सहा आणि मृतांना मूठमाती देणे हे सातवे, अशी दयेची शारीरिक कृत्ये मध्ययुगाने ठरवली होती. १४९८ साली लिस्बनमध्ये ती कृत्ये करण्यासाठी मिझेरिकॉर्डिया नावाची बंधुसंस्था निघाली, आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिची शाखा गोव्यात आली. रोगी, कैदी आणि निराधार यांची सोय पाहणे हे तिचे काम. त्याच गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनही बसले, आणि ईश्वराचा न्याय मनुष्याने आपल्या हाती घेतला म्हणजे काय होते ते तेथील लोकांनी पाहिले. इंग्लंडातून आलेला जेझुइट फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले. स्वदेशी याच वादापायी कॅथलिकांचा छळ चाललेला असताना त्याने ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली. दुसऱ्या प्रवाहाचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली आणून केडगावला त्यांचा प्रतिपाळ केला. १९०५ साली त्याच मुक्तिसदनात पश्चात्तापाची मोठी लाट आली आणि शेकडो मुली रडून रडून प्रार्थना करू लागल्या. आधी अन्न, मग अश्रू; आणि अश्रूंनंतर पुन्हा चूल, माग आणि शाळा होतीच. पश्चात्ताप आणि सत्कर्म ही एकाच अंगणात कशी नांदतात हे पाहावयास आपल्याला जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही.

शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे, म्हणजे फुगर सावकारांच्याच गावी, कॅथलिक पंथ आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मनुष्याचा स्वीकार केवळ कृपेने होतो, त्याच्या लायकीमुळे नव्हे. आणि त्या स्वीकारातूनच सत्कर्माचे बळ व आवाहन येते, असा तिचा सारांश आहे. २००६ साली मेथडिस्टांनी तिला संमती दिली. सगळे मतभेद मिटले असे नाही. पण एकमेकांवर घातलेले जुने बहिष्कार या मुद्द्यापुरते तरी मागे पडले.

या सर्व इतिहासातून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, या तिघांपैकी कोणतीही एक वस्तू इतरांपासून तोडली की ती बिघडते. नुसता न्याय धरला तर भीती उरते, आणि भीतीचा व्यापार करणारा कोणी ना कोणी पेटी घेऊन दाराशी येतोच. नुसता पश्चात्ताप धरला तर साक्सनीच्या खेड्यांसारखी सुटका स्वस्त होते. नुसते सत्कर्म धरले तर ८४० भाडोत्री उपाशी माणसांचे गणित निघते. दुसरी गोष्ट अशी की, हेतूच्या शुद्धतेची चर्चा करताना भुकेल्याला विसरण्याचा मोह पंडितांना नेहमी होतो. रोलँचा तराजू सदोष असेल. त्याच्या इस्पितळातील अंथरूण सदोष नव्हते. कर्त्याला आपला हेतू तपासावयाचा असेल तर त्याने तो अवश्य तपासावा. पण दुसऱ्याच्या दानाचा हेतू अशुद्ध ठरवून आपण मात्र हात आखडता घ्यावा, याला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही.

मत्तयाच्या त्या अध्यायातील एक बारीक गोष्ट आम्ही राखून ठेवली होती. राजा उजवीकडच्यांची सत्कर्मे वाचून दाखवतो तेव्हा ते गोंधळून विचारतात, आम्ही तुम्हांस कधी अन्न दिले? कधी पाणी दिले? त्यांना आठवतच नाही. त्यांनी वही ठेवलेलीच नव्हती. त्या न्यायासनापुढे जे पास झाले ते आपण परीक्षेला बसलो आहोत हे न जाणताच पास झाले. अठराशे वर्षांच्या वादात दोन्ही पक्षांचे थोर लोक ज्या जागी येऊन थांबले, ती जागा आमच्या मते हीच आहे. चुकल्याची टोचणी मनाला असावी, भुकेल्यासाठी हात मोकळा असावा, आणि या दोहोंचा जमाखर्च मांडण्याचे काम मनुष्याने आपल्याकडे घेऊ नये.